ब्रॅकन कंपनीची पंगत

डोरीन जोनासच्या ऑफिसात काचेची अकरा बक्षिसं होती. एक गरुडाच्या आकाराचं, एक पिसाच्या, आणि उरलेली नुसतीच टोकदार, पुसायला गेलं की बोट कापणारी. मजकूर सगळ्यांवर एकच, जरा इकडेतिकडे फिरवलेला: सलोख्याच्या कार्याबद्दल. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. खाणवाले, वीजवाले, लाकूडवाले, बँका, एकदा तर टॉयलेट पेपरवालेसुद्धा. ज्यांच्या जमिनीवर आपण दुकान टाकलंय त्यांच्याशी कसं बोलायचं, कुठे बसायचं आणि कधी तोंड बंद ठेवायचं, हे गोऱ्या साहेबांना शिकवायचं. तोंड बंद ठेवण्याच्या धड्याला ती अख्खा दिवस मागून घ्यायची. तरी पुरायचा नाही.

ऑफिस टेरेस शहरात. गाव मात्र नदीने वर तासाभरावर, सीडर फ्लॅट. तिथे तिचा मामा राहायचा, अल्फॉन्स. आमच्यात, म्हणजे गोरे यायच्या आधीपासून इथे असलेल्यांत, नाव, जमीन, मान सगळं आईकडून येतं, बाप नुसता दमतो. त्यामुळे आईचा हा सख्खा भाऊ म्हणजे घराण्याचा कर्ता. वय एक्क्याऐंशी, दात स्वतःचे चार, जीभ मात्र पूर्ण.

डोरीनची गाडी दारात आली की तो पायरीवरूनच ओरडायचा, "आली गं बाई गोऱ्यांची मास्तरीण! काय शिकवलंस आज? रुमाल धरायला?"

"ऐकायला शिकवलं, मामा."

"मग फी परत दे त्यांची. मला तर कोणी ऐकताना दिसलं नाही."

या मामाच्या घराण्याचा एक ओढा होता, तांबडा ओढा. मुखापासून वरच्या बर्फापर्यंत, दोन्ही काठच्या जंगलासकट. खालचा अर्धा भाग ब्रॅकन टिंबरने पन्नास वर्षांपूर्वी तोडून नेला. जाता जाता मामाच्या आजीचं मासे सुकवायचं धूरघर फांद्यांच्या ढिगाबरोबर पेटवून दिलं. चूक झाली म्हणाले. आत अख्ख्या हिवाळ्याचे मासे होते. वरचा अर्धा भाग अजून उभा होता, तिघांच्या मिठीत न मावणारी सीडरची झाडं. आता कंपनीला तोही हवा होता. मामा दोन उन्हाळे रस्त्याच्या मधोमध घडीची खुर्ची टाकून बसला. ट्रकवाले आधी हॉर्न वाजवायचे, मग कंटाळून त्याच्याबरोबर पत्ते खेळायचे. शेवटी कंपनी कोर्टात गेली. एप्रिलची तारीख पडली.

आणि ऑक्टोबरात ब्रॅकनचा मोठा साहेब डोरीनकडे आला. कर्टिस हॉल्वर्सन. हा तिच्या शिकवणीला तीनदा बसलेला. दुसरे साहेब टेबलाखाली फोन बघायचे, हा वह्या भरायचा. गावाचं नाव बरोबर उच्चारणारा तिच्या सव्वीस वर्षांतला हा एकटा.

"आम्हाला माफी मागायचीय," कर्टिस म्हणाला. "धूरघराबद्दल. नीट मागायचीय."

"हॉटेलात? सँडविच ठेवून?"

"तुमच्या रीतीने. तुम्ही सांगाल तसं."

डोरीनला खुर्चीत बसवेना. हे वाक्य ऐकण्यासाठी तर तिने जन्म घालवला होता. आमच्याकडे लाज धुवायची पंगत असते. ज्याने वाईट केलं त्यानेच ती द्यायची. भर हॉलमध्ये उभं राहून आपलं वाईट आपल्याच तोंडाने सांगायचं, सगळ्यांना जेवू घालायचं, प्रत्येकाला आहेर करायचा. जे जेवले, ज्यांनी आहेर घेतला, त्यांनी त्याचा शब्द घेतला. मग तो विषय कोणी काढायचा नाही, नातवांनीही नाही. कुठल्याच कंपनीने आजवर अशी पंगत दिली नव्हती.

ती त्याच दुपारी मामाकडे गेली. मामा चहात बिस्किट बुडवून ते बुडताना बघत बसला होता.

"त्याला पंगत द्यायचीय?" मामा म्हणाला. "देऊ दे. उभा कुठे राहणार?"

"हॉलमध्ये."

"हॉल तर मलाही दिसतो. पंगत देणाराला जागा लागते, पोरी. तो कोण, कुठला, कुठल्या पाण्याचा, हे आधी सांगायचं असतं. हा काय सांगणार? 'मी शहरातल्या चौदाव्या मजल्याचा'?"

"मी त्याच्या शेजारी उभी राहीन. आहेर मी वाटीन. एका दिवसापुरती जागा देऊ त्याला."

"एका दिवसापुरती." मामाने तो शब्द बिस्किटाबरोबर चघळला. "अशी जागा मी कधी बघितली नाही. पण तू शिकलेली. तू सगळं बघितलंच असशील."

"बघितलंय, मामा."

काही बघितलं नव्हतं. ती हवेत होती.

नोव्हेंबरातल्या शनिवारी दुपारी सीडर फ्लॅटच्या हॉलमध्ये दोनशे बारा माणसं बसली. बास्केटबॉलच्या रेघांवर लांब टेबलं. लांडगे डावीकडे, बेडूक उजवीकडे, गरुड भिंतीशी, ज्याचं जे कुळ ते तिथे. कंपनीने एक ट्रक भरून आहेर पाठवला होता: कपड्यांच्या प्लास्टिकच्या टोपल्या, टॉवेल, साबण, पिठाची पोती, संत्र्यांच्या पेट्या आणि हिरवी ब्लँकेटं. ब्लँकेटांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण. साहेबांनी बाह्या वर करून सूप वाढलं. मूस हरणाचं सूप, गरम, आणि वाढणारे सगळे टायवाले. बायकांना तर सणच सापडला.

"ए निळा टाय! इकडे पाव कोण देणार, तुझा बाप?"

"अरे हळू, माझ्या मांडीवर ओढा सोडू नकोस!"

"याला ठेवून घेऊ या गं, लाजतो छान."

बेडकांच्या टेबलाच्या टोकाला हेझलआत्या होती, डोरीनच्या वडिलांची बहीण. तिथली सगळ्यात मोठी मानकरी, आणि सगळ्यात घाण विनोद तिचेच. एका उपाध्यक्षाला तिने तीनदा मीठ आणायला पाठवलं. मीठ तिच्या पुढ्यातच होतं.

मग कर्टिस उभा राहिला. आणि खरं सांगायचं तर तो चांगला बोलला. धूरघर आम्ही जाळलं, म्हणाला. त्यात कोणाचे मासे होते, त्या हिवाळ्यात कोणाची पोरं उपाशी राहिली, नावं घेऊन सांगितलं. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. डोरीन ब्लँकेटांची चळत छातीशी धरून उभी होती. तिला वाटत होतं, बस, आता मेले तरी चालेल.

कर्टिसने पान उलटलं. एक परिच्छेद राहिला होता.

"आम्ही ब्रॅकन," त्याने वाचलं. "तांबड्या ओढ्याच्या मुखापासून वरच्या बर्फापर्यंत आमची जागा. पन्नास वर्षं या ओढ्याने आम्हाला पोसलं. आम्ही त्याला सांभाळलं, पुढेही सांभाळू. इथे जमलेल्या मानकऱ्यांनी हे ऐकावं आणि लक्षात ठेवावं."

वाक्य न् वाक्य डोरीनच्या शिकवणीच्या पुस्तकातलं होतं. पान चौदा, 'आमच्या लोकांपुढे आपली ओळख कशी करून द्यावी'. तिनेच नमुना दिला होता: आम्ही अमुक, अमक्यापासून तमक्यापर्यंत आमची जागा. गाळलेल्या जागा भरा. मास्तरणीला पोराने पाठ केलेली कविता ऐकू यावी तसं तिला ते ऐकू आलं. किती नीट म्हटलं बघा, एकही शब्द चुकला नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

हॉलमधले चमचे थांबले होते. हेझलआत्याने मामाकडे बघितलं. मामाने डोरीनकडे बघितलं. आणि डोरीन, हसऱ्या तोंडाने, पहिलं ब्लँकेट घेऊन हेझलआत्यासमोर उभी राहिली.

आत्याचे हात मांडीवरच राहिले. बराच वेळ. डोरीनला वाटलं, सांधे धरले असतील बिचारीचे. मग आत्याने हात वर केले आणि ब्लँकेट घेतलं. शेजारणीने घेतलं. गरुडांनी घेतलं. शेवटी मामाने घेतलं, ब्लँकेट, टोपली, साबण, सगळं. दोनशे बारा माणसांपैकी एकानेही टोपली पालथी ठेवून नाही म्हटलं नाही.

शेवटी पाहुण्यांच्या मानकऱ्यांनी उठून उत्तर द्यायचं असतं. एरवी यात तीन तास जातात, लोक मधे उठून सिगरेट ओढून येतात. त्या दिवशी एकेक जण उठला, "ऐकलं," म्हणाला आणि बसला. भारावून गेलेत, डोरीनला वाटलं.

फेब्रुवारीत मामाच्या वकिलाने तिला कागद पाठवले. कंपनीने कोर्टात नवे पुरावे दिले होते. सहा नंबरला पंगतीचं चित्रीकरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सात नंबरला डोरीनचं पुस्तक. त्यातल्या पान नऊवर कोणीतरी पिवळी रेघ मारली होती: 'ज्यांनी आहेर घेतला त्यांनी यजमानाचा शब्द आणि त्याची जागा मान्य केली, असा या लोकांचा कायदा आहे.' खाली लेखिकेचं नाव, तिची पदवी आणि अकरा बक्षिसांची यादी. सुंदर छापून दिली होती.

तिने कर्टिसला फोन लावला.

"शेवटचा परिच्छेद कोणी घातला?"

"तुमचाच आहे," तो म्हणाला. खरंच गोंधळलेला वाटला. "पान चौदा. वकिलांनी फक्त ओढ्याचं नाव भरून दिलं. डोरीन, काही चुकलं का? आम्ही तर तुम्ही शिकवलं तसंच केलं."

हा माणूस लबाड होता की नव्हता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लबाड निघाला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

गाडी काढून ती गावाला गेली. मामा लाकडं फोडत होता. म्हणजे लाकडाकडे बघत कुऱ्हाड धरून उभा होता.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"काय ते?"

"त्याने ओढा मागितला ते. भर हॉलमध्ये."

"हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. सूप वाढणारे सोडून." मामाने कुऱ्हाड टेकवली. "आणि तू सोडून."

"मग घेतलंस का तू? आत्याने का घेतलं? टोपली पालथी करून ठेवायची होती जमिनीवर! एकाने केली असती तरी..."

"देणारी कोण होती, पोरी?"

मामाने एक लाकूड उचलून ठोकळ्यावर उभं केलं.

"टोपली पालथी केली की तोंड कोणाचं काळं होतं? देणाराचं होतंच. पण ज्याच्या हातातून आली त्याचं आधी. मग ते माणूस पुन्हा त्या हॉलमध्ये उभं राहू शकत नाही. त्याची पोरं नाहीत, बहिणीची पोरं नाहीत. हेझल तुझी आत्या आहे. तिने तुला अंघोळी घातल्यात. तू हसत उभी होतीस. तिने काय करायचं होतं?"

"मला सांगायचं! थांबवायचं मला!"

"पंगतीत? मधेच?" मामा हसला, पण नेहमीसारखं नाही. "दोनशे माणसांनी तुझी अब्रू राखली. ओढा गेला त्यात. एवढं काही वाईट मनात धरू नकोस."

ती ऐकणारी नव्हती. सव्वीस वर्षं तिने काय काय निस्तरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरली, आहेर गोळा करायला. सगळा आहेर ट्रकमध्ये घालून कंपनीच्या दारात ओतायचा, असा बेत. सगळ्यात आधी हेझलआत्याकडे गेली.

"ब्लँकेट?" आत्या म्हणाली. "ते कुत्रीला घातलं, तिने त्यावर पाच पिल्लं दिली. हवं तर पिल्लांसकट ने. एक जरा कर्टिससारखं दिसतं."

"आत्या, थट्टा नको ना."

"मग काय करू? साबण संपला, बघ, वास घे माझा. संत्री खाल्ली. पीठ खाल्लं. सूप तर कधीच नदीला गेलं. तू बादली घेऊन किती खाली जाणार आहेस?" मग तिने डोरीनचा गाल दोन बोटांत धरला, लहानपणी धरायची तसा. "बस. चहा घे. हात गार पडलेत तुझे."

आठ दिवसांत तिला सतरा टोपल्या, सहा टॉवेल आणि साबणाची एक अर्धी वडी मिळाली. वडीला केस चिकटलेला होता. टोपल्या देताना लोक तिच्याकडे बघत नव्हते, आणि ती गेली की दार हळूच लावत होते. हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसरा रस्ता होता, उलटी पंगत. मामाच्या घराण्याने याहून मोठी पंगत द्यायची आणि कर्टिसचा शब्द सगळ्यांदेखत पुसायचा. पण जानेवारीत गरुडांचा म्हातारा मानकरी गेला होता. त्याच्या थडग्यावर दगड बसेपर्यंत हॉलमध्ये दुसरी पंगत होत नाही, आणि दगड बसणार पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर. कोर्टाची तारीख एप्रिलची. डोरीन गरुडांकडे जाऊन पाया पडायचीच बाकी राहिली. त्यांनी तिला जेवायला वाढलं आणि नाही म्हणून सांगितलं.

मग उरलं एकच. मामाची साक्ष.

मार्चभर ती दर रविवारी मामाकडे बसायची आणि त्याला शिकवायची. लोकांना काय बोलावं हे शिकवणं, त्यात तर तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

"ते विचारतील, पंगत होती का? तू म्हण, जेवण होतं. कंपन्या देतात तसं. हॉटेलात देतात तसं. बस, एवढंच."

"जेवण तर होतं."

"हां! तेच म्हण. आणि आहेर नाही म्हणायचं. भेटवस्तू. निवृत्तीला घड्याळ देतात तशा."

"मला घड्याळ नाही मिळालं. टोपली मिळाली."

"मामा!"

"ऐकतोय गं. जेवण. भेटवस्तू. आणखी?"

"आणि त्याने परिच्छेद वाचला तेव्हा तुला नीट ऐकू आलं नाही."

मामाने तिच्याकडे बघितलं. "मला ऐकू येतं, डोरीन. मला कुत्रीच्या पोटातली पिल्लं ऐकू येतात."

"एक दिवस येत नव्हतं म्हण. ओढ्यासाठी. एकच दिवस."

मामा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. खिडकीबाहेर बघून म्हणाला, "यंदा बर्फ लवकर वितळतोय." तिने ते हो धरलं. घराण्यातली बाकीची माणसं रविवारी रात्री तिला फोन करून विचारायची, तयार झाला का, आणि ती म्हणायची, झाला.

एप्रिलात कोर्टाच्या आवारात चिखल आणि उरलेला मळका बर्फ. मामाने शिंपल्यांच्या बटणांची शाल पांघरली होती, लाल लांडगा पाठीवर. कंपनीची वकिलीण तरुण, नम्र. उभी राहिली आणि पहिलं काय केलं, तर ही जमीन मुळात तुमची असं म्हणून आम्हा लोकांचे आभार मानले, गावाचं नाव अगदी घशातून काढून. तो घशातला आवाज डोरीननेच शिकवला होता, आरशासमोर उभं करून.

"नोव्हेंबरात तुमच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला," वकिलीण म्हणाली. "तुम्ही हजर होता?"

"होतो."

"तुम्हाला काही देण्यात आलं?"

"टोपली. टॉवेल. ब्लँकेट. साबण, वासाचा."

"तुम्ही ते घेतलंत?"

"घेतलं."

"तुमच्या कायद्याने त्याचा अर्थ काय होतो?"

मामाचा वकील उठला, हरकत घेतली, बसला. जज म्हणाल्या, साक्षीदाराने हवं तसं सांगावं, घाई नाही. मामाने मान वळवून पाठीमागे बघितलं. तिथे घराण्याची तीस माणसं बाकांवर बसलेली. मधे डोरीन, ओठ हलवत. जेवण. भेटवस्तू.

"बाई," मामा जजना म्हणाला, "गेल्या वर्षी याच खोलीत तुम्ही आमच्या वकिलाला विचारलंत, ओढा तुमचा कशावरून? कागद दाखवा."

"विचारलं होतं," जज म्हणाल्या.

"आमच्याकडे कागद नाही. माझ्या मामाच्या मामाने पंगत दिली. उभा राहून सांगितलं, मुखापासून बर्फापर्यंत माझं. लोक जेवले, आहेर घेतला, 'ऐकलं' म्हणाले. तोच आमचा कागद. त्याच्यानंतर प्रत्येकाने तसंच केलं. मीही केलं, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. पाऊस होता, तरी चारशे माणसं आली." तो थांबला. घोटभर पाणी प्यायला. कोणी घाई केली नाही. "आता ती पंगत खरी आणि ही खोटी, असं मी इथे म्हणायला लागलो, तर मग सगळ्याच माझ्या मर्जीवर आल्या. आवडली ती खरी, नाही आवडली ती नुसतं जेवण. मग उद्या कोणीही म्हणेल, तुझ्या मामाच्या मामाने तरी काय केलं, लोकांना सूपच पाजलं."

"मग नोव्हेंबरचा कार्यक्रम?" वकिलिणीने हळू विचारलं.

"पंगत होती," मामा म्हणाला. "आम्ही जेवलो."

"पण तुमचा ओढा देण्याचा इरादा होता का?" जजनीच विचारलं. पुढे झुकून. बाईंना वाट काढून द्यायची होती, दिसत होतं. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. "तुमच्या मनात काय होतं?"

"मनातलं हॉलमध्ये कोणी विचारत नाही, बाई. घेतलं का, एवढंच विचारतात." मग जरा विचार करून त्याने जोडलं, "सूपात मीठ कमी होतं."

कोणी हसलं नाही. डोरीनचे ओठ हलायचे थांबले.

मे महिन्यात निकाल आला. ट्रक अडवू नयेत. रस्त्यावर खुर्ची टाकू नये. चौतीस पानं, त्यातली दोन मामाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करण्यात खर्च झालेली. जूनमध्ये वरची झाडं पडायला लागली. गावात दिवसभर ऐकू यायचं. लोक रेडिओ मोठा लावायचे.

डोरीनला त्या उन्हाळ्यात जेवढे फोन आले तेवढे सव्वीस वर्षांत आले नव्हते. एक खाणवाला, दोन पाइपलाइनवाले, एक धरणवाला. सगळ्यांना तेच हवं होतं: "आम्हालाही तशी पंगत द्यायचीय. तुमच्या रीतीने." तिने पाटी काढली, ऑफिसला कुलूप लावलं आणि गावातल्या आईच्या रिकाम्या घरात राहायला आली. मामा रोज सकाळी मासे घेऊन यायचा, पायरीवर ठेवायचा, जायचा. मास्तरीण म्हणून हाक मारणं त्याने बंद केलं. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

सप्टेंबरात एकदा तो मासे ठेवून गेला नाही. खुर्ची ओढून बसला.

"गरुडांच्या दगडाची पंगत पुढच्या महिन्यात," म्हणाला. "त्यांना बोलवावं लागणार."

"कोणाला?"

"ब्रॅकनला. हॉलमध्ये जागा झाली ना त्यांची. ज्याच्याकडे ओढा त्याला पंगतीत बसवायला हवं. त्याने पाहुण्यांचं ऐकायला हवं, आहेर घ्यायला हवा, पाळीने द्यायला हवा, कोणी मेलं तर खांदा द्यायला हवा." त्याने डोकं खाजवलं. "बसवायचं कुठे हा प्रश्न आहे. आमच्या टेबलावर नको. बेडकांत हेझल त्यांना जिवंत खाईल."

"मामा, ते येणार नाहीत."

"येणं न येणं त्यांचं. बोलावणं आपलं. आणि बोलवायला तुलाच जायला हवं. त्यांना आत तू आणलंस."

म्हणून डोरीन बोलवायला गेली. साहेब बैठकीत होते. मग तिने पत्र पाठवलं. त्याला यंत्राने उत्तर दिलं, संपर्क साधल्याबद्दल आभार. ऑक्टोबरात हॉल भरला. बेडूक आणि गरुड यांच्या मधे, खांबाशी, एक खुर्ची रिकामी ठेवली होती. गरुडांच्या नव्या मानकऱ्याने रीतीप्रमाणे हाक दिली. ब्रॅकन. पुन्हा, ब्रॅकन. तिसऱ्यांदा हाक दिली तेव्हा सगळ्यांनी दाराकडे बघितलं, हेझलआत्यानेही, आणि तिला या वेळी विनोद सुचला नाही. खुर्चीपुढे सूप वाढलं. ते निवलं.

जो आला नाही त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा असतो. तो दुसऱ्याने खाल्ला तर चोरी, टाकला तर त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीनने बरणीत सूप भरलं, दोन पाव, सुकवलेला साल्मन, एक मग आणि हातमोज्यांची जोडी घेतली आणि ब्रॅकनच्या ऑफिसात गेली. काउंटरवर नवीन मुलगी होती, लांब नखांची.

"कर्टिस हॉल्वर्सन," डोरीन म्हणाली.

"ते कॅलगरीला गेले ना, जुलैमध्ये. मोठी जागा मिळाली त्यांना." मुलीने बरणीकडे बघितलं. "हे काय आहे?"

"वाटा आहे. ब्रॅकनचा. काल पंगतीला आले नाहीत म्हणून."

"बाहेरचं खाणं आत चालत नाही, मॅडम. कोणाला ॲलर्जी असते ना."

"मग त्यांच्यापैकी कोणाला बाहेर बोलव. हातात द्यायचंय. कोणीतरी घ्यायला हवं."

"कोणाच्या हातात?"

"ब्रॅकनच्या."

मुलीला तिची दया आली असावी. ती काउंटरवरून पुढे वाकली आणि लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, ब्रॅकन म्हणून कोणीच नाहीये इथे. ते नुसतं नाव आहे."

डोरीन उभी राहिली. बाहेर काचेतून ट्रक चालले होते, एकामागून एक, नदीकडून आलेले. तिने बरणी पोटाशी धरली आणि भिंतीकडच्या सोफ्यावर जाऊन बसली.

"मी थांबते," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

ती थांबली. पाच वाजता मुलीने दिवे मालवायला सुरुवात केली, तेव्हाही ती तिथेच होती.